मुंबईचा काळा घोडा आर्ट्स फेस्टिवल दरवर्षी बघणाऱ्याला सोलापूरची गड्डा यात्रा आवडेल का? एका दिवसात बघून होते का?

तुमचा प्रश्न तसा साधा आहे. पण त्यात शेवटी तुम्ही जे लिहिलंय ना, "मोठ्या शहरात राहिलेल्या माणसाला तिथे बोअर तर होणार नाही?", ते डोक्यात गेलं. हेच वाक्य मी माझ्या मेहुण्याच्या तोंडून लग्न झाल्यापासून ऐकतोय. त्यामुळं उत्तर लांबणार, आणि तुमच्यावर जो राग निघेल त्यातला बराचसा त्याचा आहे, मनावर घेऊ नका.

एक दिवस पुरत नाही. हे झालं उत्तर. आता बाकीचं.

मी सोलापूरचा, मंगळवार पेठेतला. मधली सात वर्षं मुंबईत काढली, अंधेरीत ऑफिस आणि ऐरोलीत चौघांत एक रूम. २०२० ला कंपनीने माणसं कमी केली त्यात मी गेलो, सामान बांधलं आणि घरी आलो, आता एका टॉवेलवाल्याकडे हिशेब बघतो. मेहुणा पण इथलाच, बारावीपर्यंत आमच्या मागच्या गल्लीत गोट्या खेळत होता, पण ठाण्यात फ्लॅट घेतल्यापासून असं बोलतो की जणू जन्म तलावपाळीलाच झाला. त्याचं ठरलेलं वाक्य आहे, "दाजी, सोलापूर म्हणजे मोठं खेडं आहे ओ." मग मी सुरू होतो. इथं १८७७ ला कापडाची मिल निघाली, १९३० ला इंग्रजांनी इथं मार्शल लॉ लावला, तो काय खेड्यात लावतात का, धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे, इथल्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं, एका पेठेत मराठी, दुसऱ्या पेठेत कन्नड, पूर्व भागात तेलुगू, उर्दू सगळीकडं, तुझ्या सोसायटीत तरी आहेत का एवढ्या भाषा? तो सगळं शांतपणे ऐकतो आणि विचारतो, "आता पाणी किती दिवसांआड येतं दाजी?" इथं माझं तोंड बंद होतं.

तर गड्डा, म्हणजे आमच्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची संक्रांतीची यात्रा. आठवीत असल्यापासून मी बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) घालून काठ्यांबरोबर, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच नंदीध्वजांबरोबर चालतोय. मुंबईत असतानाही दर संक्रांतीला यायचोच. एका वर्षी साहेब सुट्टी देईना तर आजीला मारलं, पुढच्या वर्षी लक्षात नव्हतं म्हणून परत तिलाच मारलं. आजी अजून आहे, तिला सांगितलं तर म्हणाली, सिद्धरामेश्वरासाठी मारलास ना, मग चालतंय.

पण २०२१ ची यात्रा करोनामुळं मोजक्या माणसांत झाली. गड्डा, म्हणजे पाळण्या-दुकानांची जत्रा, भरलाच नाही, होम मैदान मोकळं. सगळं गाव हळहळत होतं, म्हातारी माणसं रडली, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, सुटलो. कारण नोकरी जाऊन काही महिनेच झाले होते आणि काठ्यांबरोबर चालायचं म्हणजे विजापूर वेशीपर्यंत पोचेस्तोवर पन्नास जण थांबवून विचारणार, "काय बे, मुंबई सोडलास म्हणं? कशामुळं?" त्या दिवशी आई गच्चीवर उभारून देवळाच्या दिशेने अक्षता टाकत होती. तिने दोनदा हाक मारली. मी आत लॅपटॉप उघडून बसलो होतो, मीटिंग चाललीय म्हणून सांगितलं. कसली मीटिंग, कंपनीच नव्हती. २०२२ ला पण निर्बंधच होते, तेव्हाही वाचलो. हे मी बायकोला पण सांगितलं नव्हतं, आता इथं लिहितोय.

२०२३ ला यात्रा परत पूर्ण भरली आणि त्याच वर्षी मेहुण्याला काय वाटलं कुणास ठाऊक, बायको आणि दुसरीतला पोरगा घेऊन भोगीच्या सकाळी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने हजर. पोराला "कल्चर" दाखवायचं होतं.

तुम्हाला माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, त्यांनी गावात आणि गावाभोवती ६८ लिंगं स्थापन केली. एका कुंभारकन्येला त्यांच्याशीच लग्न करायचं होतं, हे ब्रह्मचारी, तर तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं. ते लग्न गाव अजून दरवर्षी लावतंय. आधी या सात काठ्या ६८ लिंगांना तैलाभिषेकासाठी फिरतात, भोगीला देवळाजवळच्या संमती कट्ट्यावर लग्नाच्या अक्षता, संक्रांतीला होम, किंक्रांतीला शोभेचं दारूकाम, आणि शेवटी कप्पडकळी, म्हणजे काठ्यांची वस्त्रं उतरवणं. म्हणजे लग्नाचं घर असतं तसं आहे, हळदीला येऊन गेलो आणि लग्न बघितलं म्हणायला येत नाही. एका दिवसात बघून होतं का विचारता म्हणून सांगतोय. आणि होमाच्या रात्री भाकणूक असते, उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, ते मुततं का, बिथरतं का, समोर ठेवलेल्यातलं कशाला तोंड लावतं यावरून पाऊस आणि बाजारभाव सांगतात. माझा विश्वास नाही. पण आमचा टॉवेलवाला शेठ दुसऱ्या दिवशी पेपरात पहिलं तेच वाचतो.

तर भोगीचा दिवस. तीन वर्षांनी बाराबंदी काढली तर बंद पोटावर पुरेनात, आईने दोन ठिकाणी नाड्या वाढवून दिल्या. मेहुण्याला घेऊन विजापूर वेशीत उभारलो. काठी म्हणजे तुम्हाला फोटोवरून कळणार नाही, दुमजली घराच्या वर जाते, पेलणारा माणूस एक, सावरणारे भोवतीने, आणि हे काय त्या दिवशी उठून जमत नाही, आधी कित्येक दिवस रात्री सराव चालतो. मेहुण्याचा पोरगा तोंड उघडं टाकून वर बघत होता. मी मेहुण्याला सांगत होतो की बघ, लाखभर माणूस आहे, पण इथं कुणाचा धक्का लागत नाही, कुणाचा खिसा कापला जात नाही, सगळे एकमेकाला ओळखतात. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

तेवढ्यात पलीकडून चहाच्या गाड्यावरचा आमचा जुना चहावाला एवढ्या गर्दीच्या डोक्यावरून ओरडला, "ओ मुंबईवाले! लागली का नोकरी?"

पुढचे मागचे सगळे वळून बघायला लागले. मेहुणा पोट धरून हसला. "बघा दाजी, म्हणून म्हणतो खेडं."

ज्याला तीन वर्षं घाबरलो ते असं भर चौकात झालं. मी काय बोलावं हा विचार करतोय तोवर एक म्हातारा, बाराबंदीतला, नाव मला आजही माहीत नाही, माझ्या दंडाला धरून म्हणाला, "रिकामा उभारलायस कशाला, चल की." आणि मी काठीच्या मागं चालायला लागलो. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" सुरू झालं की पुढं कुणी काय विचारलं ऐकू येत नाही. संमती कट्ट्यापर्यंत मी मागं वळून बघितलंच नाही, मेहुणा त्याचा तो आला.

इथंच गोष्ट संपली असती तर मी जिंकलो असतो. संध्याकाळी पोराला पाळण्यात बसवायला होम मैदानात गेलो. आकाशपाळणे, मौत का कुआँ, भज्यांच्या कढया, धूळ इतकी की पोराचा लाल स्वेटर बघता बघता तपकिरी. पाळण्याच्या रांगेत मेहुण्याने खिशात हात घातला तर मोबाईल नाही. ठाण्यात अकरा वर्षं लोकलने येणं-जाणं केलेल्या माणसाचा मोबाईल माझ्या गावात, मी छाती फुगवून सांगितल्यावर पाच तासांत गेला. नवा होता, हप्ते चालू होते. तक्रार दिली, सापडला नाही. आता प्रत्येक बारशा-मुंजीला हा किस्सा असतो आणि दरवर्षी मोबाईलची किंमत चार-पाच हजाराने वाढते.

त्याने पण सोडलं नाही. पुढच्याच महिन्यात मला मुंबईला बोलावलं, "या, तुम्हाला शहरातली जत्रा दाखवतो", आणि काळा घोड्याला नेलं. सात वर्षं मुंबईत राहून मी तिथं एकदाही गेलो नव्हतो, हे त्याला खरंच वाटेना. पण रविवारी ऐरोलीहून फोर्टला कोण जातंय, रविवार धुणं धुण्यात आणि झोपण्यात संपायचा. मुंबईत राहणारे अर्धे लोक मुंबईत राहतच नाहीत, स्टेशन ते ऑफिस एवढंच राहतात. तुम्ही दरवर्षी जाता म्हणजे तुमचं घर तरी जवळ आहे नाहीतर तुम्हाला शनिवार सुट्टी आहे.

काळा घोडा तुम्हाला काय सांगणार. तरी माझं मत. चकाचक आहे, फुकट आहे, इमारती सुंदर, कागदाच्या आणि पत्र्याच्या कायकाय वस्तू उभ्या केलेल्या, आणि प्रत्येक वस्तूपुढं फोटोसाठी रांग. वस्तू बघतंय कोण, सगळे वस्तूकडं पाठ करून उभे. मेहुण्याने माहिती दिली की ज्यावरून त्या भागाला नाव पडलं त्या मूळ पुतळ्यात घोड्यावर सातवा एडवर्ड होता, तो १९६५ ला काढून राणीच्या बागेत नेला, आणि २०१७ ला नुसताच घोडा बसवला, वर कुणी नाही. मी म्हणालो, तेच तर, तुमच्या जत्रेत घोडा आहे पण वर देव नाही. त्याला हे अजिबात आवडलं नाही. मी दिवसभर वाट बघत होतो की कुणाचा तरी खिसा कापला जावा म्हणजे फिट्टमफाट होईल, पण नाही, एकाचाही नाही.

मग एक झालं. जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाजूला गर्दीत माझ्या जुन्या ऑफिसातला एक जण दिसला. चार वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा, डबा एकत्र खायचो. त्याने मला बघितलं, मी त्याला बघितलं, आणि दोघांनी एकाच वेळी खिशातून मोबाईल काढला. बास. दोघं आपापल्या दिशेने गेलो. त्याचीही नोकरी गेली होती का, मला आजवर माहीत नाही.

आता इथं तुम्हाला वाटेल मी म्हणणार की बघा, शहर किती कोरडं. मेहुण्याला मी तसंच सांगितलं. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला बरं वाटलं. कुणी काही विचारलं नाही, मला काही सांगावं लागलं नाही, पाच मिनिटांनी मी मजेत कुल्फी खात होतो. विजापूर वेशीत जे झालं ते आठवलं की अजून कान गरम होतात. तरी दर भोगीला मी तिथंच उभारतो, चहा पण त्याच गाड्यावर पितो, आणि तो अजून "मुंबईवाले" म्हणूनच हाक मारतो. यातलं कुठलं शहर आणि कुठलं खेडं हे मेहुण्याने ठरवावं, त्याला आवड आहे.

तुमच्या प्रश्नाकडं. आवडेल का? नुसतं बघायला, रील बनवायला येणार असाल तर अर्ध्या दिवसात कंटाळाल, काठ्या जाईपर्यंत तासन् तास उभं राहायचं असतं आणि कुणी येऊन तुम्हाला इंग्रजीत समजावून सांगत नाही. ओळखीचं एखादं घर असेल तर या. नसेल तरी या, पण मग कुणी चहाला बोलावलं तर "नको नको" करत बसू नका. एकच दिवस असेल तर भोगी. दोन असतील तर भोगी आणि होम. दारूकाम मला स्वतःला एवढं नाही आवडत, पोरांना आवडतं. गड्डा म्हणजे पाळणे, दुकानं वगैरे पुढंही बरेच दिवस असतो, तो नंतर आरामात बघता येतो.

आणि हे आधी सांगायला पाहिजे होतं पण राहिलं. संक्रांत कधी १४ ला येते कधी १५ ला, त्यामुळं तारखा एखाद्या दिवसाने सरकतात, तिकीट काढायच्या आधी त्या वर्षीच्या बघा. गाडी आणू नका, मिरवणुकीचे रस्ते बंद असतात. तान्हं बाळ आणू नका, धूळ आणि आवाज दोन्ही जास्त. बायकांसाठी गर्दीत सगळं सोपं आहे असं मी म्हणणार नाही, माझी बायको अक्षतेला कट्ट्याजवळ येत नाही, लांबून ओळखीच्या गच्चीवरून टाकते, आणि तिचं बरोबर आहे. स्वच्छतागृहाचं बोलायलाच नको. लॉज त्या दिवसांत लवकर भरतात.

मोबाईल आतल्या खिशात ठेवा.

काल हे लिहायला घेतलं तेव्हाच मेहुण्याचा फोन आला होता. "दाजी, सुट्टी भोगीची टाकू का संक्रांतीची?" म्हटलं, दोन्ही टाक. आणि येताना जुना हँडसेट घेऊन ये.