टाका सुटतोय? आधी सुई बदला, मग शटलला हात लावा

जुलै लागला की लेदर शिवणाऱ्यांच्या ह्या सदराच्या पत्रांमध्ये दोनच शब्द असतात, गंज आणि बुरशी. पण ह्या वेळी एक पत्र असं आलंय की त्याला आधी उत्तर देतो, कारण ह्या प्रश्नावर लोकांचे विनाकारण पैसे जातात आणि तरुणपणी माझेही गेलेत.

काका, मी ऐरोलीला घरूनच लेदरच्या बॅगा शिवते. वर्षापूर्वी सेकंडहँड वॉकिंग फूट मशीन घेतली. सरळ शिलाई एकदम छान येते पण पट्टा जोडताना चार थर येतात तिथे नेमके टाके सुटतात. मेकॅनिक आला, टायमिंग गेलंय म्हणाला, सेट करून दीड हजार घेतले. दोन दिवस बरी चालली, परत तेच. आता म्हणतो शटलच बदला. बदलू का?

नका बदलू ताई, निदान आत्ता तरी नको. तुम्हीच लिहिलंय की सपाट भागावर शिलाई छान येते. टायमिंग, म्हणजे सुई आणि खाली फिरणारं शटल ह्यांचा मेळ, खरंच गेलेलं असेल तर मशीन जाड-पातळ बघत नाही हो, सगळीकडेच टाके सोडते नाहीतर दोरा तोडते. फक्त जाडीवर सुटतात म्हणजे भानगड वर आहे, सुईपाशी.

टाका बसतो कसा ते एकदा डोळ्यासमोर आणा म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. सुई पूर्ण खाली जाते आणि परत वर यायला लागते, साधारण दोन-सव्वादोन मिलिमीटर वर आली की चामड्याला घासून अडकलेला दोरा सुईच्या मागे फुगतो, छोटासा फासा होतो, आणि त्याच क्षणी शटलचं टोक येऊन तो फासा उचलतं. आता समजा सुई वर येताना चामडंसुद्धा तिच्याबरोबर वर उचललं गेलं, तर फासा होणारच कुठून? शटलचं टोक रिकामंच फिरून जातं आणि तुम्हाला वर लांब सुटलेला टाका दिसतो. चार थर, त्यात मध्ये सोल्युशनचा चिकटपणा, सुईला चामडं धरून ठेवतं आणि मशीनच्या पायाचा, म्हणजे चामडं दाबून धरणाऱ्या भागाचा, दाब कमी पडतो. म्हणून पहिलं काम, पायाच्या दाबाचा स्क्रू थोडा आवळा. दुसरं, वॉकिंग फूटमध्ये आतला आणि बाहेरचा असे दोन पाय आलटून पालटून उचलले जातात, ते किती उंच उचलायचे ह्याची सेटिंग बहुतेक मशीनला असते, जाड कामाला ती वाढवावी लागते, नाहीतर पाय चढावर अडखळतो आणि सुई वाकते. आणि चढ सुरू होताना पायाच्या मागे तेवढ्याच जाडीचा चामड्याचा तुकडा सरकवा, पाय तिरका होणार नाही. फुकटातला उपाय आहे, पण करत कोणी नाही.

आता सुई. पाकीट वाचा, खरंच वाचा. तुमच्यासारख्या बऱ्याच मशीनला १३५×१७ आणि १३५×१६ अशा दोन्ही सुया बसतात, लांबी तीच, दांडा तोच, फरक फक्त टोकाचा. १७ वाली कापडाची, गोल टोकाची. १६ वाली लेदरची, तिचं टोक कापत जातं. कापडाची सुई चामड्यात घुसते पण ढकलत घुसते, गरम होते, आणि जाडीवर गेली की किंचित वाकून शटलपासून लांब पळते. माझा अंदाज आहे सेकंडहँड मशीनबरोबर आलेलंच पाकीट तुम्ही अजून वापरताय.

आणि सुईचा नंबर दोऱ्याशी जुळतोय का तेही बघा. नायलॉन दोऱ्याचा टिकिट नंबर उलटा चालतो, ४० नंबर बारीक आणि २० नंबर जाड. ४० ला १८ नंबरची सुई पुरते, २० ला मात्र २२ नाहीतर २३ पाहिजे. बॅगेच्या पट्ट्याला २० चा दोरा लावून १८ ची सुई तशीच ठेवणारे मी रोज बघतो. पारख सोपी आहे, हातभर दोरा सुईच्या नेढ्यातून ओवा, दोन्ही टोकं ताणून तिरका धरा, सुई आपल्या वजनाने हळूहळू घसरत खाली आली पाहिजे. अडकली तर सुई बारीक आहे. सुई बसवताना लांब खाच दोरा ज्या बाजूने ओवता त्या बाजूला आणि मागचा खोलगट भाग शटलकडे, हे सांगायची गरज नाही म्हणा, पण सांगितलेलं बरं.

मी स्वतः वागळे इस्टेटमध्ये नवीन गाळा घेतला होता तेव्हा बेल्टच्या एका ऑर्डरवर रात्रभर टायमिंगशी खेळत बसलो होतो. शटलचा स्क्रू सोड, आवळ, परत सोड, पहाटे चारला हात काळे आणि डोकं गरम. सकाळी पोऱ्या आला, त्याने सुई काढून बघितली आणि म्हणाला, शेठ ही तर दुसऱ्या मशीनची आहे. त्यानंतर बिघडवलेलं टायमिंग परत जागेवर आणायला दोन दिवस गेले तो भाग वेगळाच.

हे सगळं करूनही टाके सुटले तर मेकॅनिकला बोलवा, पण तो काम करताना शेजारी उभ्या राहा. सुई खालून सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास वर आली की शटलचं टोक सुईच्या बरोबर मध्ये, नेढ्याच्या जरा वर, आणि सुईला जवळजवळ चिकटून पण न घासता गेलं पाहिजे. मध्ये कागदाएवढी फट. मशीनच्या मॅन्युअलमध्ये नेमका आकडा असतो, तो त्याला दाखवा. चिडला तर चिडू दे. आणि हो, चार थर जसेच्या तसे शिवू नका, दीड मिलिमीटरचे चार म्हणजे सहा मिलिमीटर झाले, कडा स्कायव्हिंग करून पातळ करा. निम्मा प्रॉब्लेम टेबलावरच संपतो.

काका, कळव्याला माझा छोटा गाळा आहे. घरच्या अडचणीमुळे जून-जुलै महिनाभर बंद होता. उघडला तर मशीनच्या प्लेटवर, सुईच्या दांड्यावर गंज. पुसून काम सुरू केलं तर व्हेज टॅनच्या बेल्टवर काळे डाग पडले, धुतले तरी जात नाहीत. तेल सांडलंय का?

तेल नाही, तो लोखंडाचा डाग आहे. व्हेज टॅन म्हणजे बाभूळ, हिरडा अशा सालीफळांनी कमावलेलं चामडं, त्यात टॅनिन भरपूर. ओल्या लोखंडाचा किंवा गंजाचा कण लागला की टॅनिन आणि लोखंड मिळून निळसर काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिळून काळी शाई करायचे ना, अगदी तीच गोष्ट तुमच्या बेल्टवर झाली. म्हणून धुवून जात नाही, ती शाईच आहे. ताज्या डागावर लिंबाचा रस कापसाने लावा, दहा मिनिटं ठेवा, साध्या पाण्याने पुसा, सावलीत वाळवा, मग हलका हात तेलाचा. डाग फिका होतो, पूर्ण गेलाच तर नशीब समजा. क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्या क्रोम लेदरवर हा त्रास सहसा होत नाही.

मशीनचं आता सांगतो. प्लग काढा आधी. सुई, पाय, प्लेट, बॉबिन केस सगळं काढा, रॉकेलमध्ये फडकं भिजवून गंज पुसा, शटलच्या खोबणीत साठलेला दोऱ्याचा भुसा ब्रशने काढा. गंजावर सँडपेपर मारायचा मोह होतो, प्लेटच्या वरच्या बाजूला अगदी बारीक पेपर चालेल पण शटलला आणि सुईच्या भोकाच्या कडेला अजिबात नको, तिथे ओरखडा पडला की आयुष्यभर दोरा तुटत राहील. दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये गंज असेल तर त्याही सोडवून पुसा, दोरा त्यातूनच जातो, डाग तिथूनही आला असू शकतो. रॉकेल सगळं कोरडं झाल्यावरच तेल, कारण रॉकेल उरलं तर ते नवीन तेलही धुवून नेतं. लाल खुणेच्या भोकांमध्ये एक-एक दोन-दोन थेंब, मग मोटर न लावता चाक हाताने पंचवीस-तीस वेळा फिरवा. पहिले दोन मीटर रद्दी चामड्यावर शिवा म्हणजे जास्तीचं तेल त्यात निघेल.

पुढच्या पावसाळ्याला प्लॅस्टिकचं कव्हर टाकून जाऊ नका, खाली दमट हवा कोंडते आणि गंज उलट वाढतो. जुनी सुती चादर टाका, प्लेटवर तेलाचा पातळ हात आणि पायाखाली कोरड्या कापडाचा तुकडा. खाडीच्या बाजूचा गाळा असेल तर आठवड्यातून एकदा कोणाला तरी जाऊन पाच मिनिटं मशीन चालवायला सांगा, शेजारच्या गाळेवाल्याला एक चहा पाजलात की काम होतं. चामड्याचे गठ्ठे भिंतीला टेकवून ठेवू नका, भिंत घाम सोडते.

मशीनमध्ये खोबरेल तेल घातलं तर चालतं का? आमची आई शिलाई मशीनला वर्षानुवर्षं तेच घालते. – कोपरखैरणे

आईची मशीन थंडीत जड चालते का विचारा. खोबरेल थंडीत गोठतं आणि बाकीच्या दिवसांत हळूहळू चिकट होत पिवळा थर धरतं. पांढरं पातळ मशीन तेलच घाला. गंज सोडवायचा स्प्रे हे पण तेल नाही, त्याने अडकलेला स्क्रू सोडवा आणि मग वर खरं तेल घाला.

काका, माझे आजोबा साताऱ्याकडे चपला बनवायचे. त्यांची रापी (चामडं कापायचं पातं) आणि दोन आऱ्या (चामड्याला भोक पाडायच्या) माझ्याकडे आल्यात. मी ठाण्यात कॉलेज करता करता लेदरचं काम शिकतेय. रापीची धार गेलीय, ग्राइंडरवर लावून आणू का? आणि त्यांच्यासारख्या चपला बनवून कोल्हापुरी म्हणून विकल्या तर चालेल का?

बाळा, ग्राइंडरकडे अजिबात नेऊ नकोस. कोरड्या ग्राइंडरवर पातळ पातं दोन सेकंदात निळं पडतं, निळं पडलं म्हणजे पाणी उतरलं, मग कितीही घास, धार टिकणार नाही. आजोबांच्या वेळचं पोलाद आहे, तसं आता सहजासहजी मिळत नाही.

पाण्याचा दगड घे, १००० नंबरचा पुरेल. पातं एकाच बाजूने उतरतं केलेलं असेल तर सपाट बाजू सपाटच ठेव, तिला उतार देऊ नकोस. उताराची बाजू दगडावर पूर्ण टेकली पाहिजे, कोन हाताला कळतो, मार्कर पेनाने उतारावर रेघ मार आणि दोनदा घास, रेघ सगळीकडून पुसली तर कोन बरोबर. पलीकडच्या कडेला बोटाला किंचित खरखर लागेपर्यंत घासायचं, मग ती खरखर काढायची. लाकडी पट्टीवर चामड्याचा तुकडा खरखरीत बाजू वर करून चिकटव, त्यावर धारेसाठी मिळणारं हिरवं पॉलिश घास आणि पातं मागे ओढत दहा-वीस वेळा फिरव, पुढे ढकलू नकोस नाहीतर पट्टी कापशील. धार अंगठ्यावर नको बघूस, रद्दी चामड्याची कड घे. चांगली धार असेल तर पापुद्रा कागदासारखा सुटतो आणि आवाज येत नाही, करकर आवाज आला तर परत पट्टीवर.

रस्त्यावर गटई काम करणाऱ्या एखाद्या काकांकडे जाऊन अर्धा तास बस, स्टेशनच्या बाहेर असतात की. ते दर चार-पाच कापांनंतर नकळत रापी दगडावर एकदा फिरवतात, बोलता बोलता. धार गेल्यावर लावायची नसते हे त्यांच्या हाताला ठाऊक असतं. आरीचं सांगायचं तर टोकाच्या हुकात दोऱ्याचा मळ साचू देऊ नकोस आणि टोचायच्या आधी मेणात एकदा बुडव.

नावाचं मात्र जपून. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे ते नाव ठरलेल्या भागातल्या मालालाच लावता येतं; ते महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर ह्या सरकारी चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे आणि जिल्हे ठरलेले आहेत. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. आजोबांचा सातारा त्यात आहे, तुझं ठाणं नाही. तेव्हा चपला जरूर बनव, वादीने हातशिलाई कर, पण नाव स्वतःचं दे.

काका, तुर्भ्याला माझं सीट कव्हरचं काम आहे. क्लच मोटर काढून सर्व्हो लावावी का? लाइटबिल खरंच कमी येतं का?

येतं. क्लच मोटर तुम्ही शिवत नसतानाही घुंऽऽ करत फिरतच असते, सर्व्हो पाय दाबला तरच फिरते. पण माझ्या मते बिल हे दुसरं कारण, पहिलं कारण म्हणजे हळू शिवता येतं. कोपऱ्यावर एक-एक टाका टाकता येतो, क्लचवर तेच काम करायला दहा वर्षांचा पाय लागतो. एक सांगतो, अगदी हळू स्पीडला काही सर्व्हो मोटरी जाड चामड्यात दम सोडतात, मग मोटरची पुली छोटी आणि मशीनचं चाक मोठं करा, वेग कमी होऊन ताकद वाढते. बेल्टची लांबी नव्याने मोजावी लागेल. आणि जुनी क्लच विकू नका, एखाद्या कोपऱ्यात पडू द्या.

काका, अर्जंट आहे. काल जाड काम शिवताना खाली दोरा गुंतला, खट्टकन आवाज आला, आता सुई वरखाली होते पण शटल फिरतच नाही. गिअर तुटला का? – वाशी

बहुतेक काही तुटलेलं नाही. बऱ्याच वॉकिंग फूट मशीनमध्ये सेफ्टी क्लच असतो, दोरा अडकला की तो स्वतः सुटतो म्हणजे शटल वाचतं. मशीन बंद करा, प्लेट काढून गुंतलेला दोरा आधी पूर्ण काढा, एक धागाही ठेवू नका नाहीतर लगेच परत सुटेल. मग बेडवर एक छोटं बटण असतं ते दाबून धरा आणि चाक आपल्यापासून लांबच्या दिशेने जोर लावून फिरवा, जरा जडच जाईल, पण खट असा आवाज आला की बटण सोडा.