डॅफ्नीची बोटं कशी जोडायची?

प्रश्न : इटालियन शिल्पकार बर्निनीच्या ‘अपोलो आणि डॅफ्नी’ या शिल्पाची दोन फुटी पांढरी प्रतिकृती आमच्या बाल्कनीत असते. यंदाच्या पावसाळ्यात डॅफ्नीची पानं फुटलेली दोन बोटं तुटली आणि पायथ्याशी काळे डाग पडले. फेविक्विकने जोडली, तर आठवड्यात पुन्हा सुटली. (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : आधी मूर्ती कशाची आहे ते ओळखा. तळाशी पाण्याचा थेंब टाका. चटकन मुरला तर प्लास्टर. मुरला नाही, तर तिथेच तापवलेली सुई टेकवा. प्लास्टिकसारखा वास आला तर रेझिन, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेलं प्लास्टिकसारखं द्रव्य. लिंबाच्या रसाने पारख करू नका. रेझिनमध्ये बहुतेकदा संगमरवराची पूड असते, तीही फसफसते.

तुटलं ते बोटांपाशीच, यात नवल नाही. रोमच्या बोर्गेझे गॅलरीतलं मूळ शिल्प (1622–25) 243 सेंटिमीटर उंच आहे. पाठलाग करणाऱ्या अपोलो या ग्रीक देवाने गाठताच डॅफ्नी या अप्सरेचं लॉरेलचं झाड होऊ लागतं, तो क्षण त्यात आहे : बोटांना पानं फुटताहेत, पायांना मुळं, आणि कमरेपर्यंत साल चढते आहे. पानं-मुळांचं नाजूक काम बर्निनीचा सहकारी जुलिआनो फिनेली याच्या हातचं. संगमरवर दाबाला दणकट, ताणाला कच्चा. म्हणून सगळा भार खाली झाडाची साल आणि खडक घेतात, हात मात्र हवेत मोकळे. दोन फुटांत तीच पानं कागदाएवढी पातळ होतात. पडद्याचा फटकाही पुरतो.

फेविक्विक ठिसूळ असतं आणि फट भरत नाही. नेलपॉलिश रिमूव्हरने ते काढायला जाऊ नका, रेझिनचा पृष्ठभागही खराब होऊ शकतो. ब्लेडने हलकेच खरवडा. बोट जाड असेल तर दोन्ही तुकड्यांत हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने 5 मिलिमीटर खोल भोक पाडा आणि आत 1 मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची तार बसवा. लोखंडी तार नको. खाडीच्या खाऱ्या हवेत ती गंजते, फुगते आणि आतूनच तडा देते. मग आराल्डाइट या दोन ट्यूबच्या इपॉक्सी गोंदाच्या दोन्ही ट्यूब समान प्रमाणात, मिनिटभर एकजीव कालवून टूथपिकच्या टोकाने लावा. बाहेर आलेलं लगेच पुसा. सुकल्यावर घासलं तर चकाकी जाते. तुकडा हाताने धरून बसू नका, हात हलतोच. मूर्ती आडवी करून बोटाखाली मुलांच्या खेळातल्या क्लेचा टेकू द्या आणि 24 तास हलवू नका. पातळ पानाला भोक पाडू नका, नुसतं चिकटवा.

काळे डाग बहुधा बुरशीचे. रेझिन असेल तर कोमट पाण्यात दोन थेंब साधा साबण घालून मऊ ब्रशने धुवा. प्लास्टरला पाणी अजिबात लावू नका, कोरडा ब्रशच फिरवा. आणि बाल्कनी सोडाच : उन्हाने रेझिन पिवळं पडतं, ते कशानेही परत पांढरं होत नाही.

प्रश्न : ‘अपोलो आणि डॅफ्नी’ची मूर्ती भिंतीला टेकवून ठेवली तर चालेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चालेल, पण निम्मं शिल्प हरवेल. मुळात ते असं ठेवलं होतं, की दारातून येणाऱ्याला आधी अपोलोची पाठ दिसावी आणि चालत पुढे गेल्यावर डॅफ्नीची पानं. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, हॉलच्या कोपऱ्यात ठेवा. दिवा समोरून नको, बाजूने तिरपा हवा. पानांच्या सावल्या पडल्या की पातळ कडा उठून दिसतात.