अमेरिकेत कागदपत्रांविना वाढलेल्या तरुणांनी नव्या कायद्याची वाट पाहावी की मायदेशी परतावं?

नुसत्या कायद्याच्या आशेवर बसू नका, असं कळकळीने सांगेन. अशा तरुणांना कायदेशीर वास्तव्याचा मार्ग देणारा ‘ड्रीम ॲक्ट’ पहिल्यांदा मांडला गेला २००१ मध्ये. २०१० मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर होऊनही सिनेटमध्ये लागणारी ६० मतं न मिळाल्याने अडकला. तेव्हाची शाळकरी मुलं आज संसाराला लागलीत. २०१२ च्या ‘डाका’ने (लहानपणी आलेल्यांची हकालपट्टी तात्पुरती थांबवणारी सरकारी योजना) कामाचा परवाना दिला, ग्रीन कार्ड नाही.

पण घाईने विमानातही बसू नका. अठरा पूर्ण झाल्यावर १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून देश सोडला तर ३ वर्षं, वर्षभर किंवा जास्त राहिलात तर १० वर्षं परतायला बंदी लागते. म्हणून साडेअठराच्या आतल्यांनी निर्णय लांबवू नये. त्याहून मोठे असाल तर आधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी यू व्हिसा असतो, हे कित्येकांना ठाऊकच नसतं.