टेक्ससमधल्या आमच्या मुलाच्या हायस्कूलची (अमेरिकन) फुटबॉल टीम गेल्या वर्षी जवळजवळ सगळे सामने हरली. कोच नवा आहे. टीम एका सीझनमध्ये सुधारते का, की मुलाला दुसऱ्या शाळेत घालावं?

सुधारते. पण ती सुधारणा आदल्या, हरण्याच्या वर्षात झालेली असते, आणि नेमकं तेच वर्ष पालकांना सोसवत नाही. माझा मुलगा टेक्ससमध्येच सेंटर खेळला, म्हणजे दर प्लेला चेंडू मागे देणारा, लाइनमधला मधला खेळाडू. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे नवा कोच आला त्या सीझनला दहापैकी एकच सामना जिंकलो. त्यानं आल्याआल्या प्लेबुक, म्हणजे ठरवलेल्या चालींची वही, निम्मं कापलं. चेंडू फेकून पास देणं जवळपास बंद. ऑफेन्सिव्ह लाइनच्या, म्हणजे पुढे उभं राहून समोरच्यांना अडवणाऱ्या, पोरांकडून रोज तेच करून घ्यायचा: स्नॅप (सेंटरनं क्वार्टरबॅकला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, चेंडू मागे देणं), पहिलं पाऊल, दुसरं पाऊल, हात आत. अ‍ॅथलेटिक्सच्या तासाला वेट रूम. आणि दर सोमवारी प्रत्येकाचे मार्क स्वतः बघायचा. ‘नो पास, नो प्ले’चा, म्हणजे नापास झालात तर खेळायचं नाही, हा टेक्ससचा कायदा १९८४ चा आहे, तो कुणाला माहीत नाही? तरीही त्याच्या आधी दर ऑक्टोबरला लाइनमधले दोघं-तिघं कुठल्यातरी विषयात ७० च्या खाली जायचे आणि ऐन डिस्ट्रिक्टच्या (आपल्या गटातल्या शाळांशी होणाऱ्या) सामन्यांना मुकायचे. यानं सकाळच्या प्रॅक्टिसआधी शिकवणी लावली. दुसऱ्या वर्षी लाइनमधला एकही पोरगा त्या कारणानं बाहेर बसला नाही. टीम सुधारण्याचं अर्धं कारण मी हेच मानते.

पण पहिल्या वर्षी हे बघायला कुणाला सवड होती? बूस्टर क्लबमधल्या (टीमला मदत करणाऱ्या पालकांच्या मंडळातल्या) एका गृहस्थांनी, आपलेच मराठी, कोचला काढा म्हणून सह्या गोळा करायला सुरुवात केली. त्यांचा मुलगा वाइड रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, आणि त्याच्याकडे चेंडू जात नव्हता. मी सही केली नाही. कॅलिफोर्नियातल्या डे ला साल शाळेचं उदाहरण मी त्यांना दिलं होतं. बॉब लॅडुसर तिथे कोच म्हणून १९७९ मध्ये आले तेव्हा त्या शाळेचा एकही सीझन हारण्यापेक्षा जास्त जिंकण्याचा नव्हता. पुढे त्याच शाळेनं सलग १५१ सामने जिंकले, पण ती मालिका सुरू झाली १९९२ मध्ये. म्हणजे कोच आल्यावर तेरा वर्षांनी. गृहस्थ म्हणाले, आमच्या मुलाकडे तेरा वर्षं नाहीत. खरं आहे, नव्हती. पण एक वर्ष होतं, आणि तेवढं पुरलं.

दुसऱ्या वर्षीचा शेवटचा सामना. डिस्ट्रिक्टमधून चार टीम प्लेऑफला जातात आणि चौथी जागा त्या रात्री ठरणार होती. चौथा क्वार्टर, तीन पॉइंटांनी पुढे, सात मिनिटांहून थोडा जास्त वेळ बाकी, आणि त्यांच्या पंटनं (लाथेनं चेंडू लांब समोरच्यांकडे देऊन टाकणं) आम्हाला आमच्याच गोल रेषेपासून ९ यार्डांवर आणून ठेवलेलं. वर पाऊस. आदल्या वर्षी असल्या जागेवरून तीन प्ले, मग पंट, मग हार, हे ठरलेलं असायचं. दहा यार्ड पुढे जायला चार डाउन, म्हणजे चार संधी असतात. या वेळी उजवीकडून धाव, चार यार्ड. पुन्हा तीच धाव, तीन यार्ड. तिसऱ्या डाउनलाही तीच, दहा यार्ड झाले आणि मोजायची साखळी पुढे सरकली. स्टँडमधून ‘पास कर, पास कर’ असा ओरडा चाललेला. आमची शॉटगन, म्हणजे क्वार्टरबॅक सेंटरपासून काही यार्ड मागे उभा; ओला चेंडू एकदा जरी त्याच्या डोक्यावरून मागे आमच्याच एंड झोनमध्ये (गोल रेषेमागे) गेला असता, तर दोन पॉइंट आणि चेंडू दोन्ही गेले असते. एकही गेला नाही. दर प्लेला ४० सेकंदांचं घड्याळ तळाला जाईपर्यंत थांबायचं, मग स्नॅप. मध्येच एकदा फोर्थ डाउनला वीतभर अंतर उरलं, तर कोचनं पंट टीम पाठवलीच नाही. क्वार्टरबॅक माझ्या मुलाच्या पाठीमागून घुसला आणि सगळी लाइन त्याला घेऊन पुढे गेली. त्यांचे टाइमआउट संपले. आम्ही चेंडू घेऊन नुसता गुडघा टेकला आणि वेळ संपू दिला. सामना संपेपर्यंत समोरच्यांना चेंडू मिळालाच नाही.

त्या ड्राइव्हमध्ये आमचा एकही पॉइंट झाला नाही. बातमीत नाव आलं चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकचं. सेंटरच्या नावापुढे लिहायला आकडाच नसतो. प्लेऑफच्या पहिल्या फेरीत हरलो, तरी टीम बदलली ती याच पोरांमुळे हे मी कुणापुढेही सांगेन.

तुमच्याबद्दल: पुढच्या वर्षी लाइनमधले किती जण परत येतायत ते विचारा, आणि उन्हाळ्यात वेट रूमला किती पोरं येतात ते जाऊन बघा. क्वार्टरबॅक कोण, हे नंतर. एक मात्र खरं, दर दोन वर्षांनी यूआयएल (टेक्ससमधल्या शाळांच्या स्पर्धा चालवणारी संस्था) डिस्ट्रिक्ट नव्यानं आखतं, त्यामुळे कधीकधी टीम तीच राहते आणि समोरचे सोपे होतात. ते वेगळं ओळखा. आणि डोक्याला मार लागलेल्या पोराला कोच मैदानात ठेवत असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा, त्याच दिवशी मुलाला काढा.

शाळा बदलायची तर यूआयएलचा नियम नीट वाचा. खेळासाठी बदलली असं ठरलं तर किमान एक वर्ष व्हर्सिटी, म्हणजे शाळेची मुख्य टीम, बंद. शाळा का बदलली हे ठरवण्याचा फॉर्म जुन्या शाळेकडूनही भरून जातो. त्या गृहस्थांनी मुलाला दुसरीकडे नेलं तेव्हा आमच्या कोचनं त्यात वाकडं काही लिहिलं नाही. ज्यांनी त्याची नोकरी घालवायला सह्या गोळा केल्या, त्यांच्या पोराला त्यानं नव्या शाळेत पहिल्या शुक्रवारपासून खेळू दिलं. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय, इथेही सांगते.