स्नोकॅट घ्यायची, तर आधी पट्टे बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा: उन्हाळ्यात पुण्याहून अमेरिकेत, आयडाहोतल्या बॉयसीला यायचं ठरलंय. मॅकॉलच्या बाजूला जंगलातली एक केबिन स्वस्तात मिळतेय, पण हिवाळ्यात तिच्या रस्त्यावरचा बर्फ कोणी काढत नाही. म्हणून मालक केबिनसोबत १९७४ सालची थायोकॉल कंपनीची स्प्राइट ही स्नोकॅट, म्हणजे बर्फावर पट्ट्यांवर चालणारी गाडी, देतो म्हणतोय. मॅन्युअल नाही, बिलं नाहीत, इंजिन ‘मागच्या वर्षी चालू झालं होतं’. घ्यावी का?

आमच्या दारात तसलीच एक आहे, सात हिवाळे झाले. तू ‘ताई’ म्हणून विचारलंस, म्हणून घरच्यासारखं सांगते. पहिल्या हिवाळ्यात केबिनही नको आणि गाडीही नको. बॉयसीत भाड्याने राहा. शहर खोऱ्यात आहे, तिथला बर्फ दोन दिवसांत वितळतो. मॅकॉल तिथून हायवे ५५ने सुमारे १७० किलोमीटर, आणि तिथला बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही. एक हिवाळा शनिवार-रविवारी जाऊन ये, तो रस्ता अंधारात आणि बर्फात स्वतः चालवून बघ. पोराचं वय तू दोन वर्षं लिहिलंयस. अँब्युलन्स बर्फ काढलेल्या रस्त्याच्या टोकापर्यंतच येते, पुढचे पाच किलोमीटर तुझे. या गाड्या जन्माला आल्या त्या अशाच कारणाने. क्वेबेकमधल्या व्हालकूरच्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिएचा दोन वर्षांचा मुलगा १९३४च्या हिवाळ्यात अपेंडिक्स फुटून गेला, कारण रस्ते बंद होते आणि दवाखाना गाठता आला नाही. बर्फावर चालणाऱ्या गाडीचा त्याचा नाद त्याआधीपासूनचा, पण पट्ट्याच्या चाकाचं पेटंट आणि विकण्याजोगी गाडी १९३७ची. बायकोला विचारलंयस का, हेही तू लिहिलेलं नाहीस.

एवढं सांगूनही घ्यायचीच असेल, तर पुढचं नीट वाच.

थायोकॉल ही रॉकेटचं इंधन बनवणारी कंपनी. युटातल्या लोगनमध्ये तिचा स्नोकॅटचा कारखाना होता. १९७८मध्ये तो जॉन डीलोरिअनने विकत घेतला. स्टेनलेस स्टीलची, पंखासारखे दरवाजे वर उघडणारी गाडी काढणारा तोच. मग नाव डीएमसी झालं, पुढे एलएमसी, आणि २००० साली कारखाना बंद पडला. म्हणजे फोन करून ‘माझ्या गाडीचा पार्ट द्या’ म्हणायला आता मूळ कंपनी नाही. याउलट ओरेगनमधल्या मेडफर्डची टकर ही स्नोकॅट कंपनी अजून चालू आहे. चार पट्ट्यांची टकर, १९५७-५८मध्ये व्हिव्हियन फुक्सच्या मोहिमेने जिच्यातून अंटार्क्टिका आरपार ओलांडलं, तीच. जुन्या टकरसाठी निदान विचारायला एक दार तरी आहे.

पण थायोकॉलची गोष्ट तू समजतोस तेवढी वाईट नाही. स्प्राइट बनवणाऱ्यांनी बहुतेक भाग बाजारातूनच उचलले होते. सत्तरच्या दशकातल्या अनेक स्प्राइटमध्ये फोर्डचं ३०० घन इंचांचं, म्हणजे ४.९ लिटरचं, सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरचं इंजिन असतं. तेच इंजिन फोर्डने १९६५ ते १९९६ पिकअपमध्ये घातलं. त्याचे प्लग, पाण्याचा पंप, गॅस्केट गावच्या कुठल्याही ऑटो पार्टच्या दुकानात मिळतात. मधल्या पन्नास वर्षांत कोणी इंजिन बदललेलंही असू शकतं, तेव्हा ब्लॉकवर कोरलेला नंबर वाचून खात्री कर. इंजिन ही या गाडीतली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे, आणि नेमकं तेच विकणारा तुला सुरू करून दाखवणार. तू हसून मान डोलाव आणि गाडीखाली शीर.

आधी पट्टे. प्रत्येक बाजूला रबराचे लांब पट्टे शेजारी शेजारी असतात, आत कापडाचे थर, आणि त्यांवर आडवे लोखंडी दांडे बोल्टने आवळलेले. त्या दांड्यांना इथे ग्राउझर म्हणतात. रबर वरून काळं-तुकतुकीत दिसलं तरी फसू नकोस. बोल्टच्या भोकांपाशी बघ. भोक लांबट झालंय का, रबर सुटून आतला कापडी धागा दिसतोय का, वाकवल्यावर भेगा उघडतात का. पट्टे गेले असतील तर दोन्ही बाजूंचे बदलावे लागतात. मी गाडी साडेसहा हजार डॉलरला घेतली आणि दुसऱ्याच वर्षी पट्ट्यांवर आणखी तीन हजार घातले. मजुरी शून्य, कारण प्रत्येक बोल्ट मी आणि नवऱ्याने ग्राइंडरने कापला. साडेतीनशेच्या पुढे मोजणं सोडून दिलं.

मग डिफरन्शियल, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना वाटणारा गिअरांचा डबा. याला जुने लोक ओसी-१२ म्हणतात, आणि गाडीचा खरा जीव यात आहे. स्टिअरिंग व्हील नसतं, दोन लिव्हर असतात. आपल्याकडच्या बैलगाडीची आठवण काढ. डाव्या बैलाचा कासरा ओढला की तो मंदावतो, उजवा पुढे सरतो आणि गाडी डावीकडे वळते. इथेही लिव्हर ओढली की त्या बाजूच्या ड्रमवर पट्टी आवळली जाते, ती बाजू हळू होते आणि आतल्या गिअरांमुळे दुसरी बाजू तेवढीच जोरात फिरते. दोन्ही लिव्हर ओढल्या की गाडी थांबते. वेगळा ब्रेक शोधत बसू नकोस. चालवून बघताना दोन्हीकडे वळव. लिव्हर पार पोटापर्यंत आली तरी वळत नसेल, तर ड्रमवरच्या पट्ट्या सैल आहेत किंवा झिजल्यात. सैल असतील तर समायोजनाच्या नटाने काम होतं, झिजल्या असतील तर सगळं उघडावं लागतं. तेलाचा बूच काढून आत चुंबक बुडव. राखाडी चिखल चालेल, चमचमणारे तुकडे असतील तर नमस्कार करून परत ये. आणि त्यात कधीही साधं गिअर ऑइल ओतू नकोस. ड्रमवरच्या पट्ट्या तेलात बुडून काम करतात, गिअर ऑइलमधल्या रसायनाने त्या पकडच सोडतात. आधीच्या मालकाने काय ओतलं होतं, हा प्रश्न किमतीच्या आधी विचार.

बाकीचं भराभर. पट्ट्याच्या आत हवेचे छोटे टायर असतात, ते ट्रेलरचे मिळून जातात. स्प्रॉकेटचे, म्हणजे पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे, दात झिजून टोकदार झालेत का बघ. चासी सबफ्रेमला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, जोडते तिथे जुनी वेल्डिंग असेल तर का केली ते विचार. एक्झॉस्ट गाडीच्या केबिनच्या खालून जातो, फटी असतील तर धूर आत येतो. कार्बन मोनॉक्साइडचा वीस-तीस डॉलरचा अलार्म पहिल्याच दिवशी लाव. माझ्याकडे दोन आहेत.

आता कागदांचं. तुला वाटतंय मॅन्युअल नाही म्हणजे आंधळी कोशिंबीर. माझे बाबा कोल्हापूरला उद्यमनगरात लेथ चालवायचे. त्यांच्याकडे माणूस यायचा तो हातात मोडका तुकडा घेऊन, ड्रॉइंग घेऊन नव्हे. बाबा व्हर्निअर लावायचे, आटे मोजायचे, आणि संध्याकाळी नवा तुकडा तयार. इथे तसलं उद्यमनगर नाही, मशीन शॉपवाला शंभर डॉलरच्या पुढे तास लावतो आणि दोन आठवड्यांनी ये म्हणतो. पण वाचायची पद्धत तीच. प्रत्येक बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो. टेपर बेअरिंग असेल तर आतल्या कोनवर एक आणि बाहेरच्या कपवर दुसरा, दोन्ही लिहून घे. ऑइल सीलवरचा नंबर पुसला गेला असेल तर तीन मापं घे: शाफ्टचा व्यास, भोकाचा व्यास, जाडी. तेवढ्यावर दुकानदार सील काढून देतो. मी एक दोनशे पानी वही केलीय, आपली शाळेची लांब वही, ती सुद्धा कोल्हापूरहून आणलेली. उघडलेल्या प्रत्येक भागाचा फोटो, नंबर, वायसर किती आणि कुठल्या क्रमाने, नट उलट्या आट्याचा होता का. तिसऱ्या वर्षी कोणीतरी मला खऱ्या मॅन्युअलची झेरॉक्स दिली. तोवर वही तिच्यापेक्षा जाड झाली होती, आणि आमच्या गाडीत मधल्या मालकांनी केलेले पराक्रम त्या झेरॉक्समध्ये थोडेच असणार.

सीरियल नंबरची पाटी शोध, आणि मिळाली तर आधी तिचा फोटो घे. अशा गाड्यांना बहुतेक वेळा टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, नसतं, फक्त सहीचं बिल ऑफ सेल, म्हणजे विक्रीची पावती. त्यावर नंबर लिहून घे आणि गाडी चोरीची नाही ना, हे शेरिफच्या ऑफिसात विचार. ट्रेलरवर घालण्याआधी रुंदी मोज. १०२ इंचांच्या पुढे गेली तर रस्त्यावर न्यायला परमिट लागतं. कुठल्या रस्त्यावर चालवायची परवानगी आहे ते पेएट नॅशनल फॉरेस्टच्या मॅकॉलमधल्या ऑफिसात जाऊन नकाशावर बोट ठेवून विचार. स्नोमोबिलसाठी सपाट केलेल्या वाटेवर रुंद पट्ट्याची गाडी घातलीस तर गावात वर्षभर तोंड दाखवता येणार नाही.

अजून एक, आणि हे गंभीर आहे. तिथे शेजारी म्हणतील, आमचं सामान वर नेऊन दे, पन्नास डॉलर घे. तू एच-१बीवर येणार आहेस. त्या व्हिसावर फक्त ज्या कंपनीने अर्ज केला तिचंच काम करता येतं. सामान ने, पैसे घेऊ नकोस. बदल्यात लोक लाकडं फोडून देतात, एल्कचं, म्हणजे मोठ्या हरणाचं, मटण देतात. आम्ही शाकाहारी निघाल्यामुळे आम्हाला जॅम मिळतो.

सांभाळायचं म्हणशील तर निम्मं काम गाडी थांबवल्यावर असतं. पट्ट्यांत अडकलेला ओला बर्फ फावड्याने काढ आणि गाडी जाड लाकडी फळ्यांवर उभी कर. हे मी एका रात्री केलं नाही. सकाळी पट्टे जमिनीला चिकटलेले, मला ऑफिसची घाई, दिला अॅक्सिलरेटर. एका बाजूचा रबरी स्प्रॉकेट फाटला आणि दोन ग्राउझर वाकले. उणे वीसला रबर रबर राहत नाही. २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर यान फुटलं ते बूस्टरमधली रबरी ओ-रिंग थंडीने कडक झाल्यामुळे, आणि ते बूस्टर बनवले होते मॉर्टन थायोकॉलने. स्नोकॅटचा धंदा तोवर त्यांनी विकला होता, पण त्या सकाळी स्प्रॉकेटकडे बघत मला तेच आठवत होतं.

इथेनॉल नसलेलं पेट्रोल भर, जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात आणि भुगा कार्ब्युरेटरमध्ये जातो. टाकी भरलेली ठेव, रिकाम्या टाकीत दव जमून पाणी होतं. इंजिनला ब्लॉक हीटर, म्हणजे ते गरम ठेवणारा हीटर, बसव, बॅटरी घरात घेऊन झोप. उतारावर आडवी चालवू नकोस, घसरते. सरळ वर, सरळ खाली. खडीवर आणि कोरड्या जमिनीवर गरजेपुरतीच, आणि तिथे वळवू तर नकोसच. दोघांचे स्नोशू, म्हणजे बर्फावर चालायचे रुंद जोडे, कायम गाडीत. पाच किलोमीटर आत बंद पडली तर परत चालतच यायचंय. आम्ही दोनदा आलोय, एकदा भांडत.

ऑगस्टमध्ये गाडी बघायला जाशील तेव्हा टॉर्च, व्हर्निअर, चुंबक आणि जुने कपडे घेऊन जा. आधी फोन करून सांग की इंजिन थंड ठेवा, सुरू मी करतो. फोटो मला पाठव. पट्ट्यांचे आधी, भोकं दिसतील असे जवळून. गाडीसमोर उभा राहून काढलेला तुझा नंतर पाठवलास तरी चालेल.