आधी नायनायचं नाव विचार

प्रश्न : ताई, मी मूळची सोलापूरची. लग्नाला सात वर्षं झाली, नवरा चिनी आहे, हेबेई प्रांतातल्या बाओडिंगजवळच्या खेड्यातला, आम्ही दोघं राहतो तियानजिनला. सासरचं घर खूप मोठं आहे, नायनाय म्हणजे नवऱ्याची आजी, तिची पाच मुलं, त्यांचे नवरे-बायका, नातवंडं, नातसुना, पतवंडं असे धरून बेचाळीस जण वीचॅटच्या ग्रुपवर आहेत. नायनायचं वय विचारलं की सासरे म्हणतात नव्वद, नवरा म्हणतो एकोणनव्वद आणि ओळखपत्र दाखवतं अठ्ठ्याऐंशी. पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा सोलापूर कुणालाच माहीत नव्हतं, पण नवऱ्यानं सांगितलं की ही डॉक्टर के दीहुआंच्या गावची, म्हणजे आपल्या डॉ. कोटणीसांच्या, तर तिनं माझा हात धरला तो जेवायला बसेपर्यंत सोडलाच नाही. माझ्या बाळंतपणात महिनाभर तीच उशाशी होती, राळ्याची पेज, उकडलेली अंडी, लाल साखरेचं गरम पाणी, सगळं तिच्या देखरेखीखाली. आता तिला ऐकू कमी येतं आणि मला भीती वाटायला लागलीये की तिच्या सगळ्या आठवणी तिच्याबरोबर जातील. म्हणून या नवीन वर्षाला मी इंटरनेटवरून तीस प्रश्न काढले, फोन स्टँडला लावला आणि तिला समोर बसवलं. ती ताठ बसली आणि प्रत्येक प्रश्नाला "पूर्वी फार कष्ट होते, आता सगळं छान आहे" एवढंच बोलली. मग मी विचारलं तुम्हाला मुलं किती, तर म्हणाली सहा. सगळी खोली गप्प झाली आणि एका आत्येसासूनं टीव्हीचा आवाज वाढवला. रात्री नवऱ्यानं सांगितलं की सर्वांत मोठी एक मुलगी होती, १९६० ला गेली, घरात तो विषय कुणी काढत नाही. ताई, माझं चुकलं का? आणि मी नातसून, त्यात परदेशी, मला हे विचारायचा हक्क तरी आहे का?

उत्तर : अगं, तू चुकली नाहीस, घाई केलीस इतकंच. आणि तुझ्या प्रश्नाला तिनं पाच न म्हणता सहा म्हटलं, भरल्या घरात, सगळ्यांसमोर, हे विसरू नकोस. हक्काचं उत्तर मला वाटतं तिनंच देऊन टाकलंय.

मी बीजिंगला नऊ वर्षं होते आणि शेजारी हेबेईकडच्याच एक म्हाताऱ्या बाई राहायच्या, तुझ्या नायनायपेक्षा थोड्या मोठ्या. पहिली दोन वर्षं आमचं बोलणं "जेवलीस का" आणि "थंडी वाढली"च्या पुढं गेलं नाही. मग एका वसंतात त्या अंगणात बुटांचे तळवे करायला बसल्या. जुन्या कपड्यांच्या चिंध्या घ्यायच्या, पिठाची खळ लावून लाकडी फळीवर एकावर एक चिकटवायच्या, उन्हात वाळवायच्या, मग पायाच्या मापानं कापून असे बरेच थर रचायचे आणि तागाच्या दोऱ्यानं टाके घालत जायचं, इतके जवळजवळ की बोट ठेवायला जागा राहत नाही. मध्येच सुई केसांतून फिरवायची, म्हणजे डोक्याचं तेल लागून ती थरांतून सहज जाते. मी म्हटलं आमच्याकडं आजी गोधडी शिवताना हेच करायची, अगदी हेच, आणि त्यांनी मला एक तळवा हातात दिला. त्या दिवशी त्या तीन तास बोलल्या, मी एक प्रश्न विचारला नाही. चिंधी हातात आली की हा नवऱ्याचा सदरा, हा थोरलीचा लहानपणचा झबला, ही सासूच्या पायाच्या पट्टीची कापडं, आणि मग सासूचे बांधलेले पाय, पावसाळ्यात चिखलात तिला पाठीवर घेऊन जायला लागायचं ते. हात गुंतलेले असले की माणसाला आपण मुलाखत देतोय असं वाटत नाही. तेव्हा फोनचं स्टँड कपाटात टाक. तिच्या शेजारी खांगवर बस (वाचकांसाठी सांगते, उत्तर चीनमध्ये खोलीत विटांचा मोठा ओटा असतो, खालून चुलीची धग जाते, हिवाळ्यात सगळं घर त्यावरच), शेंगा सोल, डंपलिंग वळ, तिला नीट वळून दाखवायला सांग. फोन उशीजवळ चालू ठेवायचा असेल तर तिला सांगून ठेव, लपवून नको.

आता वयाचं. तिघंही खरं बोलतायत! जुन्या चिनी हिशोबात मूल जन्मलं की एक वर्षाचं, आणि नंतर वाढदिवसाला नाही तर प्रत्येक चांद्र नववर्षाला एक वर्ष वाढतं. नववर्षाच्या आदल्या दिवशी जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं. म्हणून तारीख विचारू नकोस, तिचा प्राणी विचार. उंदीर म्हणाली तर १९३६ चं साल, वर्षाच्या अगदी शेवटच्या महिन्यातला जन्म असेल तर इंग्रजी कॅलेंडरनं १९३७ उजाडलेलं असणार.

सालांचंही तसंच. आपल्या आज्या कुठं १९७२ म्हणतात, त्या म्हणतात दुष्काळाच्या साली, किल्लारीच्या भूकंपाच्या आधी. तुझ्या भागातल्या खुणा तुला देते, त्या धरून बोल. जपानी आले तेव्हा गावंच्या गावं रात्री सामान घेऊन पळायची, त्याला तिकडं "भुतांपासून पळणं" म्हणतात. जपान्यांना "भुतं" म्हणायचे, तेव्हा ती अगदी लहान असणार. डॉ. कोटणीस १९३८ ला भारतातून पाच डॉक्टरांच्या पथकात गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिकडंच वारले, ते बाओडिंगच्याच थांगश्यान तालुक्यात, फक्त ३२ वर्षांचे होते, आणि त्यांच्या मुलाचं नाव यिनह्वा, यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. तिनं तुझा हात का धरला ते आता तुला कळलं असेल, पण तिला तिच्या शब्दांत विचार, तिच्या गावात त्यांच्याबद्दल काय बोलायचे ते. मग १९५० चा लग्नाचा कायदा, त्यानं बालवधू आणि बळजबरीची लग्नं बंद केली, मुलीला अठराची अट आली, तिचं लग्न त्याच्या नंतरचं दिसतंय तर नोंदणीला कशी गेली, नवऱ्याला आधी पाहिलं होतं का, हे विचारलंस तर ती हसेल बघ. १९६३ च्या ऑगस्टमधला महापूर, बाओडिंगकडं सगळे "त्रेसष्टचं पाणी" म्हणून सांगतात. आणि २८ जुलै १९७६ चा तांगशानचा भूकंप, त्यानंतर कित्येक ठिकाणी लोक अंगणात झोपड्या बांधून झोपत होते. सासऱ्यांनाही तो आठवत असणार, म्हणजे एका आठवणीवर दोन पिढ्या बोलायला लागतील.

राहिला तो १९६० चा विषय. तुला माहीत असायला हवं की काय झालं होतं, नाहीतर तू नकळत तिथंच पाय देशील. १९५८ ला कम्यून म्हणजे अनेक गावांची एकत्र सामुदायिक शेती आली, घरोघरच्या चुली बंद झाल्या, सगळ्यांनी सार्वजनिक खानावळीत जेवायचं ठरलं, आणि पोलाद करायच्या मोहिमेत कित्येक घरांतल्या लोखंडी कढयासुद्धा वितळवल्या गेल्या. पीक फुगवून सांगितलं गेलं, त्या फुगवलेल्या आकड्यांवर सरकारी धान्य उचललं गेलं, खानावळीतली पेज पातळ होत होत पाणी झाली, आणि घरात शिजवायला ना धान्य ना कढई. लोकांनी एल्मच्या झाडाची साल, रताळ्याचा पाला, कणसाची बुरकुंडं दळून खाल्ली. त्या तीन वर्षांत चीनमध्ये कोट्यवधी माणसं गेली, लहान मुलं आणि म्हातारी सर्वांत आधी. सरकारी भाषेत त्याला "अडचणीची तीन वर्षं" म्हणतात, म्हातारी माणसं नुसतं "साठचं साल" म्हणतात आणि थांबतात. जिच्या हातात तिची लेक गेली त्या बाईला "तेव्हा कसं वाटलं" असं विचारायचं नसतं गं. आणि त्या आत्येसासूवर राग धरू नकोस, टीव्हीचा आवाज तिनं आईसाठी वाढवलाय.

तू फक्त एक कर. पुढच्या वेळी एकटी असशील तेव्हा विचार, थोरलीला हाक काय मारायचात. बस. खेड्यात सगळ्या मुलांना घरचं एक लाडकं नाव असायचं. सांगितलं तर ऐक, नाही सांगितलं तर तिच्या बशीत डंपलिंग वाढ आणि दुसरं बोल. एप्रिलच्या ४ किंवा ५ तारखेला छिंगमिंग असतो, आपल्या पितृपक्षासारखा, घरचे कबरी साफ करायला जातात. त्या काळी लहान मूल गेलं तर पुष्कळदा त्याची कबरच नसायची, त्यामुळे त्या मुलीच्या नावानं कधी कुणी काही ठेवलं नसण्याची शक्यता खूप आहे.

यातूनच मला जे सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते आलं. तुझ्या सासरी च्यापू म्हणजे कुळाची वंशावळ आहे का विचार, किंवा नववर्षाला भिंतीवर टांगतात तो पूर्वजांच्या नावांचा मोठा कागदी पट. १९६६ नंतर सांस्कृतिक क्रांतीत अशा हजारो वंशावळी "जुनाट" म्हणून जाळल्या गेल्या आणि १९८० नंतर पुष्कळ कुळांनी म्हाताऱ्यांच्या आठवणीवरून परत लिहिल्या. तर जुन्या वंशावळीत पुरुषांची पूर्ण नावं असतात, एका पिढीतल्या सगळ्या भावांच्या नावात एक अक्षर सारखं, सासऱ्यांच्या भावांची नावं बघ, सापडेल तुला. आणि बायका? समजा सासर चांग आणि माहेर वांग, तर तिची नोंद "चांग-वांग-शी", म्हणजे वांगांकडून चांगांकडं आलेली. नाव नाहीच. मुलींची तर पुष्कळदा नोंदच नसते. गावात हाक मारताना अमक्याची आई. कित्येक बायकांना कागदावरचं पहिलं नाव १९५० च्या दशकात मिळालं, नोंदणीच्या वेळी किंवा निरक्षरांसाठी हिवाळ्यात वर्ग भरायचे तिथं, मास्तरनं दिलेलं. माझ्या शेजारच्या बाईंना लिहिता येणारी अक्षरं तीनच होती, स्वतःच्या नावाची, आणि ती त्या काडीनं मातीत काढून दाखवायच्या. आपल्याकडं लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहून जुनं पुसायचे, तिकडं पुसायलाही काही नव्हतं. म्हणून तीस प्रश्न ठेव बाजूला आणि आधी तिला तिचं नाव विचार, लहानपणचं, माहेरचं, कागदावरचं, कुणी दिलं, नवरा काय म्हणायचा. तिच्या आईचंही विचार, तिला ठाऊक असलं तर.

भाषेची काळजी करू नकोस, तिला तिच्या बोलीतच बोलू दे, तुला अर्धं कळलं तरी चालेल. नंतर तेच रेकॉर्डिंग घेऊन त्या टीव्हीवाल्या आत्येसासूकडं जा आणि म्हण मला हे कळत नाही, लिहून द्याल का. आईची बोली आणि शाळेतली चिनी दोन्ही येणारी तीच पिढी आहे, आणि ती लिहिता लिहिता स्वतःचंही सांगेल. मात्र ग्रुपवर काही टाकू नकोस, बेचाळीस माणसांत एक क्लिप कुठं जाईल सांगता येत नाही आणि त्यातलं काही तिनं फक्त तुझ्यासाठी सांगितलेलं असेल. परकी असण्याचं म्हणशील तर तो तुझा फायदाच आहे, मुलांना वाटतं आपल्याला सगळं माहितीये, मुलं विचारत नाहीत, आणि तुला डंपलिंगची कडा कशी दुमडायची इथपासून सगळं शिकवावं लागतं.

प्रश्न : ऑफिसच्या कामाला शेनझेनला आलोय, सहकाऱ्याच्या आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाचं आमंत्रण आहे. भिंतीवरचं छान घड्याळ घेतलंय, चालेल ना?

उत्तर : नाही हो, घड्याळ अजिबात नको! चिनीत "घड्याळ देणं" आणि "शेवटच्या क्षणी सोबत करणं" यांचा उच्चार अगदी सारखा आहे, म्हाताऱ्या माणसाला तर चुकूनही देऊ नका. पांढरी शेवंतीही नको, ती अंत्यविधीची. फळांची टोपली न्या, पीच मिळाले तर उत्तमच, ते दीर्घायुष्याचं फळ, किंवा लाल पाकिटात पैसे, दोन्ही हातांनी द्या, रकमेत चारचा आकडा नको, तो "मृत्यू"सारखा ऐकू येतो. आजींना मोठ्यांदा वय विचारू नका. त्र्याहत्तर आणि चौऱ्याऐंशी ही वयं तिकडं अवघड मानतात, कन्फ्यूशियस आणि मेन्सियस हे जुने चिनी तत्त्वज्ञ त्या वयात गेले म्हणून, आणि म्हण अशी आहे की त्र्याहत्तर-चौऱ्याऐंशीला यानवांगनं बोलावलं नाही तरी माणूस आपणहून जातो. हा यानवांग म्हणजे आपला यमराजच, बौद्ध धर्माबरोबर इकडून तिकडं गेलेला. आणि लांबलचक नूडल्स येतील त्या मध्येच तोडायच्या नाहीत, ओढून खायच्या.

प्रश्न : पुण्यात चिनी शिकतेय, नात्यांच्या शब्दांनी डोकं फिरलंय. इतके शब्द खरंच वापरतात का?

उत्तर : वापरतात, आणि मराठी मुलीला ते जड जायला नको खरं तर. काका-मामा-आत्या-मावशी वेगळे ठेवणारे आपण, तेही तसेच, फक्त काकात वडिलांपेक्षा मोठा आणि लहान असे दोन, आणि सगळ्यांना क्रमांक, थोरली आत्या, दुसरे काका, तिसरी मावशी. भावंडांत एक फरक लक्षात ठेव, चुलत तेवढे "थांग", एका आडनावाचे, आणि आते-मामे-मावस तिन्ही मिळून "प्याव". बाहेरच्या कुठल्याही आजीला मात्र नायनाय म्हटलंस की झालं, तिचं नाव घ्यायचं नाही.

पण तुझ्या वयाच्या शहरी चिनी मुलांना यातले कितीतरी शब्द पुस्तकातूनच शिकावे लागतात हेही खरं. एका मुलाचं धोरण १९८० च्या सुमारास आलं आणि २०१६ च्या सुरुवातीला दुसऱ्या मुलाची परवानगी सगळ्यांना मिळाली. आईवडील दोघंही एकुलते असले तर मुलाला काका नाही, आत्या नाही, मामा नाही, मावशी नाही. अशा घरात थांग आणि प्याव सगळे गळून पडतात आणि आईच्या चुलतभावाला सरळ मामा म्हणतात. नायनायला विचारलं तर ती मात्र बरोबर सांगते कोण कितव्या नंबरचा ते.