कोल्हापुरात १७ वर्षांच्या मतिमंद भाच्यासाठी मदत कुठून मिळवायची?

ताई, सगळ्यात आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र काढा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, मग तपासणीला सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात जायचं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असला की एसटीच्या सवलतीपासून बहुतेक योजना त्यावरच चालतात.

पण मुलगा १७ चा आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. तो १८ चा झाला की कायद्याने सज्ञान ठरतो आणि आईवडिलांची सही आपोआप चालत नाही. बँक, जमीन, वारसा, सगळीकडे अडतं. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. माझ्या बहिणीनं हे उशिरा केलं आणि फार मनस्ताप झाला. तुम्ही वाढदिवसाच्या आधीच कागद गोळा करून ठेवा.

त्याच न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत. त्यात थेरपीचा खर्चही धरतात, नक्की घ्या.

शाळेसाठी शेंडा पार्कातलं चेतना विकास मंदिर बघून या. हालचालीचं अपंगत्व असलेल्यांसाठी नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था आपल्याच गावात आहे. त्या स्वतः व्हीलचेअरवरून काम करत आल्या आहेत.

आणि तुमच्या बहिणीला शाळेतल्या इतर आयांशी बोलतं करा. कुठल्या खिडकीवर काय लागतं, हे त्यांच्याइतकं कुणीच नीट सांगत नाही.